घोट्यामागची नाडी

सिस्टरांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आधी माझे पाय पाहिले. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, दरेकशाच्या डोंगरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक छोटा सरकारी दवाखाना आहे. तिथे मी डॉक्टर म्हणून रुजू व्हायला आले होते. नाशिकहून निघून दोन गाड्या बदलल्या होत्या आणि मी पार शिणले होते. ड्रेसिंगच्या खोलीच्या दारात एक ठेंगणी, केस पांढरे झालेली बाई उभी होती. ती खाली वाकली, माझ्या करंगळीजवळची लाल झालेली कातडी नीट निरखली आणि म्हणाली, "हे सँडल टाकून द्या. घासून राहिलेत." मग कुठे मान वर करून मी कोण, कुठली, ते विचारलं.

दवाखान्यात आणखी दोन नर्स होत्या. त्यांना लोक नावाने हाक मारत. नुसतं 'सिस्टर' म्हटलं की ते यांच्यासाठीच असे. कामठ्याकडच्या, शेतकरी घरातल्या. नोकरीची तिसाहून जास्त वर्षं जखमा धुण्यात आणि बांधण्यात गेलेली. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, चेहरेही फारसे नाहीत. कुणी बाजारात भेटून रामराम केला की त्या ओळखीचं काही सापडतंय का म्हणून त्याच्या पायांकडे बघत. टाचेची भेग किंवा वाकडा अंगठा दिसला की त्यांचा चेहरा उजळे आणि त्या थेट विचारत, "भरली का ती जखम?"

त्यांच्या तऱ्हा खूप होत्या. चहा आला की तो त्या लगेच पीत नसत. स्टीलचा पेला दोन्ही तळव्यांत धरून बसत, हात गरम झाले की पेला बाजूला ठेवून पेशंटकडे जात, आणि निवलेला चहा नंतर एका घोटात संपवत. मला वाटायचं, बाईंना गरम चहा आवडत नाही. पुढे कळलं की थंड हाताला दुसऱ्याचा थंड पाय कळत नाही. त्या हाताची मागची बाजू पेशंटच्या गुडघ्यापासून पावलापर्यंत हळूहळू खाली नेत, आधी एका पायावर, मग दुसऱ्यावर. थंडपणा नेमका कुठून सुरू होतो, एका पायाला आहे की दोन्ही, हे त्यांना पाहायचं असे. नडगीवरचे केस झडलेत का, कातडी कागदासारखी पातळ आणि चकचकीत झालीय का, नखं जाड झालीत का, हे सगळं त्या तेवढ्यात बघून घेत.

त्यांचे प्रश्नही विचित्र वाटायचे. पाय दुखतो म्हणून कुणी आला तर किती दिवसांपासून, असं त्या विचारत नसत. विचारत, "बाजाराले येताना पहिल्यांदा कुठं थांबता?" आसपासच्या दहा-बारा गावांचे रस्ते त्यांना झाडांनिशी पाठ होते. माणूस म्हणायचा, पुलाजवळ बसतो, मग मोहाच्या झाडाखाली. सिस्टर वहीत लिहीत : पूल, मोह. चार महिन्यांनी तोच माणूस पुलाच्याही आधी, शाळेच्या भिंतीपाशी थांबायला लागला, की त्यांच्या कपाळाला आठी पडे. चालताना पोटरीत गोळा येतो, उभं राहिलं की दोन मिनिटांत जातो, पुन्हा चाललं की तेवढ्याच अंतरावर पुन्हा येतो; हे दुखणं सांध्याचं नाही, रक्त कमी पोचल्याचं आहे, हे मी पुस्तकात वाचलं होतं. झाडांवरून ते मोजता येतं हे मला त्या वहीने शिकवलं.

एक गोष्ट त्यांच्याबद्दल तालुकाभर सांगितली जायची. भाचीच्या लग्नात त्या मुलाकडच्या एका वडीलधाऱ्या माणसाच्या पाया पडल्या. पडल्या त्या उठेचनात. त्याने डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, पुन्हा दिला, तरी या वाकलेल्याच. लोक कौतुकाने बघू लागले, बाई किती श्रद्धेची आहे. शेवटी त्या उठल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "उजव्या पायाची नाडी लागत नाही. सोमवारी दवाखान्यात या." मुलाकडचे दुखावले आणि भाची रडली. तो माणूस मात्र सोमवारी आला. मी सिस्टरांना विचारलं तेव्हा त्यांना यात चुकलं काय तेच कळेना. नाडी लागली नाही, ते सांगायला मुहूर्त कशाला पाहायचा, असं त्यांचं म्हणणं.

मला सगळ्यांत जास्त खटकायची ती त्यांची कपाटाची किल्ली. ताणून बांधायच्या रबरी पट्ट्या त्या कपाटात कुलूप लावून ठेवत आणि किल्ली पदराला पिनेने अडकवत. औषधांचं कपाट उघडं, पट्ट्यांचं बंद. पायाला घट्ट पट्टी बांधायची तर आधी त्यांच्याकडे जायचं, त्या स्वतः पायाची नाडी बघणार, मग किल्ली काढणार. मी डॉक्टर, तरी मलाही हाच नियम. मी याला सरकारी नोकरीतला जुनाट हट्ट समजत होते.

धानकापणीच्या दिवसांत त्या तीन दिवसांच्या रजेवर कामठ्याला गेल्या. त्याच दिवशी दरेकशाकडच्या एका पाड्यावरून सुकराम आला. वय पंचावन्नच्या आसपास, जंगलखात्याच्या कामावर जाणारा, थोडी धानाची शेती, उन्हाळ्यात बिडीसाठीचा तेंदूपत्ता तोडणारा. डाव्या पायाच्या बाहेरच्या घोट्यावर रुपयाएवढी जखम होती, दोन महिन्यांपासून न भरणारी. पाऊल सुजलेलं होतं. सूज आणि घोट्याजवळची जखम, एवढं पाहून मी ठरवून टाकलं की हा शिरांचा आजार आहे : पायातून वर जाणारं रक्त खाली साचतं, त्याने सूज येते, जखम होते. त्यावर उपाय घट्ट पट्टी आणि पाय उंचावर. नुकतंच मी त्याचं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि माझ्या स्वतःच्या बॅगेत दोन नव्या पट्ट्या होत्या. किल्लीची गरजच नव्हती. बोटांपासून गुडघ्यापर्यंत मी पट्टी सुबक बांधली, पायाखाली दोन उशा दिल्या, आणि गाव लांब म्हणून त्याला भरती करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला गेले तर सुकराम पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसलेला. मी रागावले. त्याची बायको फुलवंता हळूच म्हणाली की पाय वर ठेवला की याहिले राहवत नाही. मी तिला समजावलं की सुरुवातीला थोडं दुखणारच. त्याने मुकाट्याने पाय उशीवर ठेवला. मी पाठ फिरवली की तो पुन्हा खाली सोडत असणार. त्या दिवशी तीनदा मी त्याला पाय वर घ्यायला लावला. हे आज लिहितानाही बरं वाटत नाही.

तिसऱ्या सकाळी सिस्टर रजा अर्धी टाकून परतल्या. कापणीचा मजूर मिळाला नाही म्हणून, असं त्या म्हणाल्या. खांद्यावरची पिशवी न उतरवताच वॉर्डात शिरल्या आणि दारातच थांबल्या. सुकराम कडेला बसून, पाय लोंबकळत, भिंतीला डोकं टेकून झोपला होता. एवढं बघून त्या सरळ त्याच्यापाशी गेल्या, खाली बसल्या आणि माझी पट्टी उलगडू लागल्या. मी मागून म्हटलं की ती मी बांधलीय. त्यांनी ऐकलं नाही. पट्टी निघाली तेव्हा पोटरीवर खोल वळ होते, आणि करंगळी निळसर-काळपट दिसत होती. आल्या दिवशी ती तशी नव्हती.

पेशंटसमोर त्या मला काही बोलल्या नाहीत. मागच्या व्हरांड्यात नेलं आणि विचारलं, "नाडी पाहिली होती का?"

मी सुजेबद्दल सांगू लागले.

"सूज कायची? रात्री आडवं झालं की पाय जळते, म्हणून माणूस दोन महिने पाय खाली सोडून, बसून झोपून राहिला. त्याची सूज आहे ते. रक्त खाली पोचतच नाही, अन् तुम्ही वरून आवळलं."

मी तिथल्या लोखंडी खुर्चीत बसले. त्याचा पाय जाईल का, एवढंच मी विचारलं. सिस्टरांनी उभ्याउभ्याच, कुणा तिसऱ्याची हकिकत सांगावी तसं सांगितलं. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती, दुसऱ्या गावी. तेंदूपत्ता तोडणारी एक बाई पायाची जखम घेऊन आली होती. यांनी हौसेने घट्ट पट्टी बांधली. चौथ्या दिवशी उघडली तेव्हा बोटं काळी पडली होती. पुढे तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

"तिनं मले शिवी नाही दिली," सिस्टर म्हणाल्या. "गाडीत बसताना म्हणे, बाई, तुम्ही किती चांगली बांधून दिली होती. तिले माहीतच नव्हतं कोणामुळं झालं ते. मी सांगितलंही नाही. तेव्हापासून किल्ली माझ्यापाशी राहते."

मग त्यांनी मला उठवलं. तुमचा पेशंट आहे, तुम्हीच पाहा, म्हणाल्या. चहाचा पेला माझ्या हातात दिला आणि हात गरम होईपर्यंत सोडू दिला नाही.

त्या सकाळी मी पाय तपासायला खऱ्या अर्थाने शिकले. सुकरामला आडवं केलं आणि त्याची टाच त्यांनी हातभर वर उचलून धरली. मिनिटाभरात तळवा मेणासारखा पांढरा पडला. मग पाय खाली सोडला, तर तो हळूहळू लाल होत गेला, टोमॅटोसारखा. मला ही लाली बरी वाटली असती. सिस्टर म्हणाल्या, हा रंग फसवा, उपाशी माणसानं ताटावर पडावं तसं रक्त धावून आलंय. जखम त्यांनी मला बोटाने न शिवता दाखवली : कडा जणू गोल छापाने कापून काढल्यासारख्या सरळ, तळ फिकट आणि कोरडा, पुसलं तरी रक्ताचा थेंब नाही. शिरांची जखम घोट्याच्या आतल्या बाजूला असते, पसरट, सतत पाझरणारी, भोवतालची कातडी तपकिरी आणि ऊबदार. "ते जखम रडते," त्या म्हणाल्या. "हे जखम गप राहते, माणूस रडते."

पावलाच्या वरची नाडी लागली नाही. काहींना ती जन्मापासूनच लागत नाही, त्यावर जाऊ नका, मागची पाहा, असं सांगून त्यांनी माझी दोन बोटं घोट्याच्या आतल्या हाडामागच्या खाचेत टेकवली. जोरात दाबू नका, स्वतःच्याच बोटाची नाडी जाणवते. मी श्वास धरून बसले. काहीच नव्हतं. गुडघ्यामागे काही नव्हतं. जांघेत मात्र ठोका जोरदार होता. म्हणजे रक्ताची नळी मांडीत कुठेतरी बंद होती. उजव्या पायाला घोट्यामागची नाडी होती, मंद. जिथे लागली तिथे सिस्टरांनी बॉलपेनने फुली मारली.

मग त्या प्रसूतिगृहातून पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं छोटं मशीन घेऊन आल्या. पायाच्या नाडीसाठी वेगळं मशीन असतं, ते आमच्याकडे नव्हतं. सुकरामच्या घोट्यावर जेली लावून त्या मशीन फिरवू लागल्या तसा तो उठून बसला. त्याची सून याच दवाखान्यात बाळंत झाली होती आणि हे मशीन कशाचं ते त्याला ठाऊक होतं. पायात काय निघालं, असं त्याने गंभीरपणे बायकोला विचारलं. फुलवंता तोंडाला पदर लावून हसली. दोन दिवसांत त्या खोलीत पहिल्यांदा कुणी हसलं.

बऱ्याच खटपटीनंतर मशीनमधून एक क्षीण सुसकारा ऐकू आला. रक्त अगदीच थांबलं नव्हतं. घोट्याच्या वर रक्तदाबाचा पट्टा बांधून तो आवाज बंद होईपर्यंत फुगवला, मग हळूहळू सोडला, आणि आवाज परत आला तो आकडा लिहिला : साठ. हाताचा एकशे चाळीस होता. घोट्याचा दाब हाताच्या निम्म्याहूनही कमी. साखरेच्या पेशंटच्या नळ्या कडक असल्या तर हा आकडा खोटा मोठा येतो, हे मला माहीत होतं. सुकरामला साखर नव्हती. बिडी होती, चाळीस वर्षांची.

मी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या रक्तवाहिन्यांच्या सर्जनना फोन केला, जखमेचा फोटो आणि आकडे पाठवले. फोनवर मी माझी चूकही सांगितली. ते म्हणाले, आज पाठवा, कोरडं ड्रेसिंग ठेवा, करंगळीला हात लावू नका.

सुकराम मात्र जायला तयार नव्हता. त्याच्या पाड्यावरचे दोघे नागपूरला गेले होते आणि दोघेही एक पाय घेऊन परतले होते. तो म्हणाला, "तिथं पाय कापतेत. मी नाही जात. जे होईल ते जंगलातच होऊ द्या."

मी त्याला नळ्या, अडथळा, शस्त्रक्रिया असं काहीबाही सांगत राहिले. ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. सिस्टर स्टूल ओढून त्याच्या पायाशी बसल्या.

"तुमची बांधी किती आहे जी?" त्यांनी विचारलं. बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं वावर.

दोन आहेत, तो म्हणाला.

"बांधीले पाणी कुठून येते?"

नहराचं, म्हणजे कालव्याचं.

"नहर गाळानं बुजला अन् शेवटच्या बांधीतलं धान वाळून राहिलं, तं तुम्ही काय करता? धान कापून फेकता, का आधी नहर साफ करता?"

सुकरामने आपल्या करंगळीकडे पाहिलं.

"ते दोघं गेले तेव्हा धान पुरं वाळलं होतं. तुमचं पिवळं पडून राहिलं. आज नहर साफ झाला तं वाचते. करंगळी जाईल, ते मी आताच सांगून देतो. पाय राहील का, ते मी कबूल नाही करत. पण इथं बसले तं नाही राहत, हे पक्कं."

त्या पेशंटशी असंच बोलत, खोटा दिलासा नाही. मला त्या क्षणी वाटलं की करंगळीचं सांगून बाईंनी घालवलं सगळं. पण फुलवंता उठली आणि पिशवी भरू लागली. नवऱ्याकडे न बघताच ती म्हणाली, "चला. मी येतो संगं." सुकरामने पाय चपलेत घालायचा प्रयत्न केला. जमेना, तेव्हा ती चप्पल त्याने हातात घेतली.

गाडी जाण्यापूर्वी मी त्याच्यापाशी गेले आणि सांगितलं की पट्टी मी चुकीची बांधली होती, त्याने त्रास वाढला. सिस्टर मागे उभ्या होत्या. सुकराम म्हणाला, मले वाटलंच होतं, पण तुम्ही डॉक्टर. त्याहून जास्त काही नाही. गाडी गेल्यावर सिस्टर नळाशी जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिल्या.

नागपूरला सुकरामच्या जांघेतून तार घालून, फुग्याने बंद नळी उघडली. करंगळी काढावी लागली. पाय राहिला. तीन आठवड्यांनी तो आमच्याकडे ड्रेसिंगला आला तेव्हा सिस्टरांनी आधी पाऊल हातात घेतलं. ते ऊबदार होतं. जखमेच्या तळाला लाल दाणे भरले होते आणि पुसताना रक्ताचा ठिपका आला. रक्त आलं म्हणून इतकी खूश झालेली नर्स मी दुसरी पाहिली नाही. दर बुधवारी त्याचं ड्रेसिंग त्यांनी स्वतः केलं. बिडीवर त्यांनी भाषण दिलं नाही. त्यांच्या स्वतःच्या बहिणीचं घर बिड्या वळून चाललं होतं, तेव्हा पान तोडू नका असं त्या कुणाला म्हणणार नव्हत्या. सुकरामला एवढंच म्हणाल्या की तोडा, विका, पण तुमच्या पायातल्या नळीले धूर दाखवू नका. शिवाय ड्रेसिंग चालू असताना त्याचा हात धरून त्याचीच बोटं घोट्यामागे टेकवत : लागते का, कुठं लागते, सांगा. जखम पूर्ण भरायला तीन महिने लागले.

त्या आता निवृत्त होऊन कामठ्याला असतात. मीही त्या दवाखान्यातून बदलून आले. पण त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या उन्हाळ्यातली एक सकाळ सांगायची राहिली. तेंदूपत्त्याचा हंगाम होता आणि ओपीडी रिकामी होती, कारण सगळे जंगलात. दहाच्या सुमारास सुकराम एका माणसाला दंडाला धरून घेऊन आला. त्याच्याच पाड्यावरचा, पन्नाशीचा. त्या माणसाला यायचं नव्हतं, पायाला जखम नाही, काही नाही, हा उगाच ओढून राहिला, असं तो मला सांगत होता. सुकराम म्हणाला की पानांच्या ओझ्यासकट हा दर थोड्या वेळानं बसून राहतो, रात्री पाय खाटेखाली सोडतो. म्हणून काल आपण त्याचा पाय पाहिला, असंही तो म्हणाला. डावा थंड आहे, मागची नाडी सापडत नाही.

सिस्टरांनी त्या माणसाचा डावा पाय मांडीवर घेतला. बोटं घोट्यामागे टेकवून बराच वेळ बसल्या, मग पाय उचलून धरला, तळव्याचा रंग पाहिला. कुठेही जखम नव्हती, बोटं सगळी शाबूत होती. इतक्या लवकर आलेला असा पेशंट आमच्या त्या खोलीत मी तोपर्यंत पाहिला नव्हता. मी फोन काढून नागपूरचा नंबर शोधू लागले.

सुकराम दाराशी उभाच होता. आपण बरोबर होतो की नाही हे कळायची वाट बघत होता. सिस्टरांनी पायाने दुसरं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "डावा मी पाहिला. उजवा तुम्ही पाहा."

तो बसला. त्या माणसाचं पाऊल त्याने दोन्ही हातांत घेतलं, दोन बोटं हाडामागच्या खाचेत टेकवली आणि डोळे मिटले.

"आहे," सुकराम म्हणाला. "या पायाले आहे."